महापालिकेचे सगळे उमेदवार सारखंच बोलतात. नेमकं काय विचारायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय २४, मुंबई महापालिकेसाठी पहिल्यांदाच मत देणार, दाराखालून पाच उमेदवारांची पत्रकं आलीत आणि पाचांतही पाणी, रस्ते, कचरा, पुनर्विकास हेच. मग निवडायचं कशावरून, आणि अपक्षाला दिलेलं मत वाया जातं का?

पक्ष कुठला ते मी सांगणार नाही. ते घराघरांत ठरलेलं असतं आणि त्यावरून भांडायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरेसे आहेत. मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणं हा माझा बिनपगारी धंदा. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

आधी ती पाच पत्रकं आणि एक पेन घ्या आणि खोडायला लागा. लोकल गाड्या: रेल्वे. मेट्रो: एमएमआरडीए (राज्याचं महानगर विकास प्राधिकरण) किंवा मेट्रोचं वेगळं महामंडळ. म्हाडा वसाहतींचा पुनर्विकास: म्हाडा. झोपडपट्टीचा: एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. गिरगाव-लालबागकडच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळींची दुरुस्तीही म्हाडाच्याच मंडळाकडे. पोलिस राज्य सरकारचे. वीज उपनगरात अदानी नाहीतर टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. यातलं एकही काम नगरसेवकाच्या सहीने होत नाही. पाठपुरावा तो करू शकतो, पण तो तुम्हीआम्हीही करतोच. पत्रकात शेवटी जे न खोडलेलं उरेल तेवढ्यावरच पुढचं बोलणं: पाणी, गटारं, नाले, कचरा, रस्ते-फुटपाथ, दवाखाने, शाळा, मंडया, स्मशानं, बागा, फेरीवाले आणि बेस्टची बस. माझ्या हाती आलेल्या एका पत्रकात हे सगळं मिळून चार ओळी होत्या, आणि उमेदवाराचा फोटो अर्ध्या पानाचा.

या उरलेल्यांतही एक गोम आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्ताकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरसेवक खर्चाला मंजुरी देतात, ठराव करतात, प्रश्न विचारतात. मोठी कंत्राटं स्थायी समितीपुढे येतात, जमिनींचे विषय सुधार समितीपुढे, बसचे बेस्ट समितीपुढे. त्यामुळे 'मी रस्ता करून दिला' हे वाक्य ऐकलं की मी मनात दुरुस्ती करतो: रस्ता आपल्या कराच्या पैशातून, कंत्राटदाराने, इंजिनीअरच्या देखरेखीखाली केला, यांनी फार तर तो लावून धरला. लावून धरणंही कमी नाही, बरं का. पण तेवढंच आहे.

तुमच्या पिढीने हे कधी बघितलेलंच नाही, कारण बघायला सभागृहच नव्हतं. आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. त्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि कारभार नगरसेवकांऐवजी प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर कुठे मतदानाची तारीख ठरली, १५ जानेवारी २०२६. मधल्या काळात रस्ते काँक्रीटचे करायची सुमारे ६,००० कोटींची कामं एका फेरीत दिली गेली. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासनाने मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. कामं वाईटच झाली असं माझं म्हणणं नाही. काही चांगलीही झाली. पण शाळेच्या दारात खणलेला रस्ता महिनोन्‌महिने तसाच पडला तर 'हे कोणाला विचारून खणलं?' असं सभागृहात उठून विचारणारं कोणी नव्हतं. नगरसेवक म्हणून आपण पाठवतोय तो हे विचारणारा माणूस.

म्हणून उमेदवाराला 'काय करणार?' असं विचारू नका, त्याला उत्तर पाठ असतं. 'कसं?' आणि 'कोणाकडे?' विचारा.

कांजूरचं डंपिंग घ्या. मुंबईचा बहुतांश कचरा आज तिथे जातो. विक्रोळीच्या कन्नमवार नगर, टागोर नगरकडच्या लोकांची वासाची तक्रार जुनी आहे. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथली सुमारे १२० हेक्टर जागा संरक्षित वन असल्याचा निकाल दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आता पूर्व उपनगरात जो येतो तो डंपिंग हटवायला निघालेला असतो. आमच्या खाली खुर्च्या मांडून एका उमेदवाराची बैठक झाली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "दादा, हटवा, पण कचरा मग टाकणार कुठे?"

"काका, त्याचा पाठपुरावा सुरू आहे."

"कोणाकडे?"

"वरती."

काकांनी मान वर करून पाहिलं. वर आमचीच पाण्याची टाकी. लोक हसले, उमेदवारही हसला, आणि मुद्दा तिथेच राहिला.

खरं उत्तर थोडं कंटाळवाणं आहे. मुलुंडचं डंपिंग २०१८ ला बंद झालं, देवनार १९२७ पासून चालू आहे आणि कधीच भरून गेलंय. नवी जागा मुंबईत सहज मिळणार नाही. तेव्हा गाडीत कचराच कमी भरला पाहिजे. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी आणि हॉटेलांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचा, असा पालिकेचाच नियम आहे. आपल्या प्रभागात अशा किती सोसायट्या येतात, त्यांतल्या किती तो पाळतात, सुका कचरा वेगळा करायला जवळची जागा कुठली, हे ज्याला सांगता येईल त्याने या विषयावर निदान एक संध्याकाळ तरी घालवलेली असते. आणखी एक विचारा. एप्रिल २०२५ मध्ये पालिकेने घनकचऱ्याच्या नव्या उपविधींचा, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या नियमांचा, मसुदा काढला. त्यात घरांना महिन्याला १०० रुपयांपासून कचरा शुल्क सुचवलं होतं आणि लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. हा विषय सभागृहात आला तर तुमचं मत कोणत्या बाजूला? इथे 'पाठपुरावा' चालत नाही. हो किंवा नाही म्हणावं लागतं. बरेच जण चहा मागवतात.

नालेसफाईचंही तसंच. दर एप्रिल-मेमध्ये गटाराची झाकणं उघडतात, काळा गाळ उपसतात आणि गटाराच्या कडेलाच त्याचा ढीग करून ठेवतात, वाळण्यासाठी. कागदावर सफाई झाली. आमच्या गल्लीत तो ढीग वाळून, त्यावर गवत उगवून, पहिल्या जोराच्या सरीला परत त्याच गटारात गेलेला मी बघितलाय. मोठे नाले पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, छोटे विभाग कार्यालयाकडे, त्यामुळे दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. उमेदवाराला एवढंच विचारा: उपसलेला गाळ किती दिवसांत उचलला पाहिजे, आणि नाही उचलला तर तुम्ही कोणाला फोन कराल? 'पालिकेच्या १९१६ हेल्पलाइनला' असं उत्तर आलं तर त्यांना सांगा, तो नंबर आमच्याकडेही आहे.

पाण्यावर सगळ्यात सोपा प्रश्न: आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं? मी हा प्रश्न आवर्जून विचारतो. सात तलाव, हजारो दशलक्ष लिटर वगैरे सगळे सांगतात; पाणी सोडणारा चावीवाला आपल्याकडे किती वाजता येतो हे इथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. भांडुपमध्ये शहराच्या मोठ्या भागाचं पाणी शुद्ध होतं, आणि त्याच भांडुपच्या डोंगरावरच्या वस्त्यांना पाण्याच्या दाबासाठी भांडावं लागतं. तिथे तलावांच्या आकड्यांनी काय होणार? पंप कुठे बसवायचा, वेळ अर्ध्या तासाने कशी वाढवायची, जलकामे खात्याच्या कुठल्या इंजिनीअरकडे बसायचं, हे माहीत असलेला माणूस लागतो.

बेस्टबद्दल थोडक्यात. मे २०२५ मध्ये किमान भाडं साध्या बसचं ५ वरून १० आणि एसीचं ६ वरून १२ झालं. स्टेशनपासून तुमच्या घरापर्यंत कुठली बस येते आणि तिची फेरी का कमी झाली, हे उमेदवाराला सांगता आलं तर तो कधीतरी बसने फिरलाय. नाहीतर गाडीने.

आता महिला प्रभागांबद्दल, कारण २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी राखीव आहेत. काही बॅनरवर ताईंपेक्षा त्यांच्या मिस्टरांचा फोटो मोठा असतो. तिथे प्रश्न ताईंचं नाव घेऊन, त्यांच्याकडे बघून विचारा आणि उत्तर कोण देतं ते पाहा. उलटही होतं. मला भेटलेल्या सगळ्यात तयारीच्या उमेदवार एक महिलाच होत्या, बचत गटाचं काम केलेल्या. हाऊस गल्लीतल्या, म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळातल्या, तुंबलेल्या ड्रेनेजचा विषय निघाला तर त्यांनी परिरक्षण (देखभाल) खात्याला दिलेल्या अर्जाची पोच पिशवीतून काढून दाखवली. नेतेपणाचा दिमाख नव्हता, पण पोच होती.

कागदपत्रं घरबसल्या बघता येतात. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो: गुन्हे, मालमत्ता, शिक्षण. संपत्तीचा आकडा बघून नुसतं 'बापरे' म्हणू नका. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय ते त्याच्याशेजारी ठेवून वाचा. उमेदवार आधी नगरसेवक होता का? मग प्रजा फाउंडेशन या संस्थेची नगरसेवकांवरची जुनी प्रगतिपुस्तकं काढा. सभेला किती हजर, किती प्रश्न विचारले, कशावर विचारले, सगळं त्यात आहे. त्यात दिसणारी एक गंमत: रस्त्यांची आणि चौकांची नावं हा नगरसेवकांचा फार आवडता विषय. खड्डा तसाच, पाटी नवी. आमदार-खासदारकीत हरलेला किंवा तिकडे उडी मारायच्या तयारीत असलेला कोणी तुमच्याकडे उभा असेल तर जरा सांभाळून; त्याला तुमच्या गटारात किती रस असेल ते तुम्हीच ठरवा.

अपक्षाचं. खरं सांगायचं तर अपक्ष निवडून येणं अवघड आहे, आणि आला तरी समितीवर जागा मिळायला त्याला कुठल्या तरी गटाला चिकटावं लागतं. पण 'मत वाया' हे मला पटत नाही. प्रभाग लहान असतो, निकाल शे-दोनशे मतांवर फिरतो. २०१७ ला गिरगावच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना बरोबर ५,९४६ मतं पडली. शेवटी चिठ्ठी टाकून निकाल लागला, शहा जिंकले. त्या दिवशी 'माझ्या एका मताने काय होतंय' म्हणत घरी बसलेल्यांची तोंडं मला बघायची होती. अपक्ष माणूस वर सांगितलेल्या प्रश्नांना टिकला तर बिनधास्त द्या.

एक व्यवहाराचं काम आजच उरका. विधानसभेला जिथे मत दिलंत तेच केंद्र आणि तीच यादी गृहीत धरू नका. पालिकेची यादी प्रभागाप्रमाणे फोडलेली असते, आणि रस्त्याच्या एका बाजूची बिल्डिंग एका प्रभागात, समोरची दुसऱ्यात, हे सर्रास होतं. राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून प्रभाग क्रमांक बघा, नाहीतर ज्याला पाच प्रश्न विचारलेत तो तुमचा उमेदवारच नाही असं मतदानाच्या सकाळी कळायचं. ठाण्या-पुण्याचे नातेवाईक म्हणतील की आम्हाला चार मतं द्यायचीत. त्यांच्याकडे बहुसदस्यीय प्रभाग आहेत. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक, एकच बटण.