कवटीतला दाब वाढला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते, असे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडल्यावर, रक्तदाब उतरतो आणि नाडी वेगाने चालते हे समजते, पण कवटीतला दाब वाढलेल्या रुग्णात नेमके उलटे का घडते. शिवाय मेंदूची रचना पाठ असूनही तिचा रुग्णाच्या निरीक्षणाशी संबंध लागत नाही. मी न्यूरो आयसीयूत काम केले आहे आणि आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. माझ्या मते या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: रचना शिकताना आपण भागांची नावे पाठ करतो, पण कवटीत मोकळी जागा किती कमी आहे याचा विचार करत नाही.

प्रौढ माणसाची कवटी ताणली जात नाही. तिच्या आतल्या जागेपैकी साधारण ८० टक्के मेंदूच्या ऊतींनी, १० टक्के रक्ताने आणि १० टक्के मेंदूभोवतीच्या द्रवाने, म्हणजे सेरेब्रोस्पायनल फ्लुइडने (सीएसएफने), व्यापलेली असते. यांपैकी एक घटक वाढला तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. हाच मन्रो-केली सिद्धांत. रक्तस्राव किंवा सूज वाढू लागली की आधी सीएसएफ पाठीच्या कण्याकडे सरकतो आणि शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते, त्यामुळे सुरुवातीला दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की मात्र थोड्याशा वाढीनेही दाब एकदम उसळतो, आणि म्हणूनच तासाभरापूर्वी ठीक वाटणारा रुग्ण पाहता पाहता खालावतो.

आता रक्तदाबाकडे येऊ. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी धमनीदाब वजा कवटीतला दाब. रक्तदाब १२०/७५ असेल तर सरासरी (खालचा आकडा अधिक दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा) ९० येते. प्रौढांत कवटीतला दाब साधारण ७ ते १५ मिमी पारा असतो. तो १० धरला तर मेंदूला ८० मिळतात. तोच दाब ४० झाला तर उरतात फक्त ५०, आणि इथे मेंदू उपाशी राहू लागतो. मेंदूच्या खालच्या टोकाशी असलेल्या मेड्युलातली केंद्रे हे ओळखून सिंपथेटिक, म्हणजे शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जायंत्रणेमार्फत रक्तवाहिन्या आवळतात व रक्तदाब चढवतात. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या दाबसंवेदकांना मात्र फक्त चढलेला दाब कळतो, त्यामागचे कारण कळत नाही. ते हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमार्फत हृदयाची गती उतरवतात. ब्रेनस्टेमवर, म्हणजे मेड्युला ज्याचा भाग आहे त्या मेंदूच्या खोडावर, ताण वाढत गेला की श्वासही अनियमित होतो. हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी लक्षणत्रयी ती हीच. असा चढलेला रक्तदाब मेंदूचा शेवटचा आधार असू शकतो, त्यामुळे डॉक्टरांच्या स्पष्ट आदेशाशिवाय तो उतरवण्याचे औषध कधीही देऊ नये.

परीक्षेत ही त्रयी लिहून गुण मिळतात, पण रुग्णाजवळ उभे असताना तिची वाट पाहणे घातक आहे, कारण ती उशिरा येते. पहिला बदल दिसतो तो शुद्धीत. रुग्ण उगाच अस्वस्थ होतो, मघाशी नीट सांगितलेली तारीख चुकवतो किंवा हाक मारल्यावर उठणारा रुग्ण हलवल्याशिवाय डोळे उघडत नाही. म्हणून नोंदीत नुसते ‘झोपाळू’ लिहू नका. कोणत्या उद्दीपनाला कोणता प्रतिसाद मिळाला ते लिहा आणि डोळे, बोलणे व हालचाल यांचे जीसीएसचे (ग्लासगो कोमा स्केल या शुद्धीच्या मोजपट्टीचे) गुण वेगवेगळे नोंदवा. एकूण गुण दोनने घसरले तर पुढच्या फेरीपर्यंत थांबू नका, लगेच कळवा.

डोळ्याच्या बाहुलीची तपासणी समजायला टेंटोरियम डोळ्यांसमोर आणा. मोठ्या मेंदूखालच्या या ताठ पडद्यातल्या फटीतून ब्रेनस्टेम खाली उतरतो आणि डोळ्याकडे जाणारी तिसरी क्रेनियल नर्व्ह त्याच्या अगदी लगत जाते. एका बाजूला सूज वाढली की टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा, आतला काठ, म्हणजे अंकस, त्या फटीत घुसून नर्व्हला दाबतो. बाहुली आकुंचित करणारे तंतू या नर्व्हच्या बाहेरच्या थरात असल्याने दाब आधी त्यांच्यावर येतो आणि बहुधा त्याच बाजूची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला मंद प्रतिसाद देते. टॉर्च मारण्यापूर्वी दोन्ही बाहुल्यांचा आकार पाहून घ्या. प्रतिसाद आहे पण मंदावला आहे, हीदेखील नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

शुश्रूषेतले नियमही याच हिशेबातून येतात. पलंगाचे डोके सुमारे ३० अंश वर आणि मान सरळ ठेवतात, कारण मान वळली तर जुग्युलर शिरेतून रक्ताचा निचरा अडतो. श्वासाच्या ट्यूबची पट्टी मानेभोवती घट्ट बसली तरीही तेच होते, आणि हे तपासायचे बरेचदा राहून जाते. सक्शनआधी, म्हणजे श्वासमार्गातला स्राव ओढून काढण्याआधी, ऑक्सिजन द्यायचा आणि त्याची नळी (कॅथेटर) १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवायचा नाही, कारण खोकल्याने दाब वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या सीएसएफच्या पोकळीत, ड्रेन (निचऱ्याची नळी) असेल तर रुग्णाची कूस किंवा पलंगाची उंची बदलण्याआधी तो बंद करा, शून्यपातळी कानाच्या ट्रेगसशी (कानाच्या छिद्रासमोरच्या उंचवट्याशी) पुन्हा जुळवा आणि ड्रेन आठवणीने उघडा. पातळी न जुळवता उघडलेल्या ड्रेनमधून सीएसएफ गरजेपेक्षा जास्त वाहून जाऊ शकतो, आणि ड्रेन उघडायचा राहिला तर सीएसएफ आतच साचतो.