पहिली गाडी मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक? कोकणातल्या घाटांत ऑटोमॅटिक दगा देते का?

तुम्ही देवरुखजवळ राहता, ही घरातली पहिलीच गाडी आहे, महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूरला जावे लागते, वडिलांचे गुडघे दुखत असले तरी त्यांची गाडी चालवायची इच्छा आहे आणि पत्नी आता नव्याने शिकणार आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. घाटात ऑटोमॅटिक दगा देते असे चार जणांकडून ऐकल्यामुळे तुमचा निर्णय अडला आहे. मी चिपळूणजवळच्या एका वाडीत राहते आणि माझे माहेर कराडचे आहे, त्यामुळे कुंभार्ली घाट गेली चौदा वर्षे माझ्या पायाखालचा आहे. त्यातली आठ वर्षे मी मॅन्युअल गाडी चालवली, पुढची चार एएमटी आणि आता दोन वर्षे टॉर्क कन्व्हर्टरची गाडी चालवते आहे; हे दोन्ही ऑटोमॅटिकचेच प्रकार. त्या आधारावर सांगते की तुमच्या घरासाठी ऑटोमॅटिक योग्य आहे, मात्र ती कोणत्या प्रकारची घ्यावी हे घाटापेक्षा तुमच्या घरापर्यंतचा चढ पाहून ठरवा.

प्रथम हा प्रकारांचा घोळ सोडवू, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली शोरूममध्ये अगदी वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, पंच अशा गाड्यांत मिळते ती एएमटी. आपल्याकडे ती २०१४ साली सेलेरिओपासून सुरू झाली आणि स्वस्त असल्यामुळे झपाट्याने पसरली. एएमटीमध्ये क्लच आणि गिअरबॉक्स मॅन्युअल गाडीचेच असतात. आपला डावा पाय आणि डावा हात जे काम करतात, ते काम तिथे संगणकाच्या हुकमाने एक यंत्र करते. ब्रेझासारख्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे तेलाच्या माध्यमातून जाते आणि पायाने दाबायच्या क्लचसारखी प्लेट घासण्याचा प्रश्न तिथे येत नाही. होंडा अमेझमध्ये सीव्हीटी मिळते, तिच्यात ठरावीक गिअर नसून पट्टा आणि पुली यांच्या साहाय्याने प्रमाण सलग बदलत राहते. चौथा प्रकार दुहेरी क्लचचा, म्हणजे डीसीटी. तो वेगवान आणि सुखद असला तरी महाग आहे, आणि त्यातले कोरड्या क्लचचे प्रकार गणपतीच्या दिवसांत महामार्गावर होणाऱ्या मुंगीच्या पावलांच्या वाहतुकीत तापू शकतात, म्हणून तुमच्यासाठी मी त्याचा विचार करणार नाही.

आता घरच्या चढाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवाने कोकणात गाडीचा खरा कस तिथे लागतो. डांबरी रस्ता सोडल्यावर आमच्या अंगणापर्यंत जेमतेम दीडशे मीटरची वाट आहे, पण ती जांभ्याच्या दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, उभी वर जाते आणि मध्यावर जवळजवळ काटकोनात वळते. जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी मी एएमटी घेऊन वर येत होते. मागे सासूबाई आणि दोन मुले होती, डिकीत तांदळाची गोणी होती आणि नेमक्या त्या वळणावर शेजाऱ्यांची गाय आडवी उभी राहिली. गाय बाजूला झाल्यावर मी ब्रेक सोडला, तोच गाडी हातभर मागे गडग्याकडे घसरली. मी घाईने ॲक्सिलरेटर दाबला, पण क्लच जुळायला क्षणभर लागला आणि जुळला तेव्हा पुढची चाके शेवाळावर जागीच फिरू लागली. जळक्या क्लचचा तो उग्र वास गाडीत पसरला आणि सासूबाई म्हणाल्या, “अगो, थांब जरा, आम्ही उतरतो.” तिघेही पावसात उतरले, मी हँडब्रेक ओढला, लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन पहिला गिअर पक्का केला, ॲक्सिलरेटर थोडा दाबून मगच हँडब्रेक सोडला आणि गाडी वर आली.

त्या गाडीत हिल होल्ड नव्हते. हिल होल्ड म्हणजे ब्रेकवरून पाय उचलल्यानंतरही गाडी साधारण दोन सेकंद धरून ठेवणारी सोय. तेवढा वेळ मिळाला असता तर ती घसरलीच नसती. मॅन्युअलमध्ये अर्धा क्लच कुठे पकडतो हे आपल्या पायाला कळते. एएमटीमध्ये ते यंत्राला कळते आणि आपल्याला केवळ त्याचा परिणाम जाणवतो. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय असेल तर एएमटीची क्लच प्लेट लवकर जळते, आणि ही सवय आपल्याकडे फार जणांना आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत त्याच वळणावर आज मी ब्रेक सोडते तेव्हा ती स्वतःच हळूहळू पुढे सरकू लागते. फार उभ्या चढावर तीही मागे येऊ शकते, परंतु तिथे जळण्यासारखी प्लेट नाही आणि ताकद सलग मिळते.

घाटाची भीती मात्र मनातून काढून टाका. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना कोणतीही धडधाकट ऑटोमॅटिक मागे पडत नाही. एएमटी वळणावर गिअर बदलताना किंचित अडखळते, त्यामुळे मागे बसलेल्यांच्या माना हलतात आणि पुढच्या ट्रकला ओलांडताना हवी तेव्हा ताकद मिळत नाही. यावर उपाय म्हणजे चढ लागण्यापूर्वीच मॅन्युअल मोडमध्ये जाऊन दुसरा गिअर धरणे. जपायला हवे ते उतरताना. लिव्हर ‘डी’वर, म्हणजे पुढे चालण्याच्या नेहमीच्या जागी, ठेवून आपण ॲक्सिलरेटर सोडला की पुष्कळ गाड्या वरचा गिअर घेतात, इंजिनाचा अटकाव कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पाच-सहा किलोमीटर सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात, वास येतो आणि नंतर पेडल दाबूनही गाडी पुरेशी थांबत नाही. जुने चालक सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो नियम ऑटोमॅटिकलाही तितकाच लागू आहे: एएमटीमध्ये मॅन्युअल मोड, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअल मोड, सीव्हीटीमध्ये ‘एल’ किंवा ‘एस’, म्हणजे लिव्हरवरची इंजिनाचा अटकाव वाढवणारी जी खूण असेल ती वापरावी. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे लोक आजही भेटतात. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला तर आजकालच्या इंजिनात इंधन येणेच बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते खर्च होत राहते, म्हणजे त्या धोक्याच्या बदल्यात काहीच वाचत नाही. पत्नी शिकायला लागल्या की पहिल्या महिन्यातच त्यांना हे समजावून सांगा.

वडिलांच्या गुडघ्यांचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे. क्लच दाबताना डावा गुडघा दिवसातून शेकडो वेळा वाकतो, आणि संगमेश्वरच्या बाजारात किंवा कामे सुरू असलेल्या महामार्गावर तर दर मिनिटाला. माझ्या यजमानांनी, गाडी चालवणे सोडावे लागेल या भीतीने, दोन वर्षे ते दुखणे कोणाला सांगितले नव्हते. वडील आजवर मॅन्युअल चालवत आले असतील तर त्यांना मोकळ्या मैदानात आठवडाभर सराव करू द्या, कारण सवयीने डावा पाय क्लच शोधतो, तो ब्रेकवर पडतो आणि गाडी जोरात थांबते. डावा पाय मागे ओढून ठेवायचा आणि दोन्ही पेडलांसाठी उजवाच वापरायचा. पत्नीने मात्र प्रशिक्षण मॅन्युअलवर घ्यावे असे मी आग्रहाने सुचवते; हलक्या मोटारीच्या परवान्यावर दोन्ही प्रकार चालवता येतात, आणि उद्या अडीअडचणीला शेजाऱ्यांची गाडी घ्यावी लागली तर हात अडणार नाही.

पैशांचे म्हणाल तर मॅन्युअलपेक्षा एएमटीला मॉडेलनुसार साधारण ५० हजार रुपये जास्त पडतात आणि टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीला लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक. मॅन्युअलचा क्लच गावातला मेकॅनिकही बदलतो, ऑटोमॅटिकचा बिघाड बहुधा कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावा लागतो, म्हणून आपल्याला जवळ असे वर्कशॉप ज्या कंपनीचे आहे तिचीच गाडी पाहा. शिवाय बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही. डिकीत जम्पर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची वायर, ठेवा.

बुकिंगपूर्वी शोरूमवाल्यांना गाडी घेऊन तुमच्या घरीच बोलवा आणि महामार्गावरच्या सपाट फेरीवर समाधान मानू नका. घरातल्या चौघांना बसवून चढाच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवा, ब्रेक सोडा आणि ती किती मागे येते ते पाहा; मग तोच चढ रिव्हर्समध्ये चढून पाहा, कारण अंगणात वळायला जागा नसेल तर ते रोजचेच होणार आहे. हिल होल्ड असलेल्या एएमटीने हे दोन्ही बिनवासाचे आणि बिनघसरणीचे केले तर निर्धास्तपणे ती घ्या. तिने अडखळत केले, तर सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनचे मॉडेल सोडून त्याच पैशांत खालच्या मॉडेलची सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर बसते का ते पाहा.

वडिलांना त्या दिवशी स्वतः चालवायला बसवा.