जुन्या एमजीबी स्पोर्ट्स कारला कोणते टायर घ्यावेत? गाडी संभाजीनगरात असते, चाकं स्पोकची आहेत.

१६५/८० आर १४ या मापाचे घ्या, चारही एकाच मेकचे. दुकानदार १८५/७० गळ्यात मारायला बघेल. उंची जवळपास तेवढीच भरते, पण तो जास्त रुंद असतो, त्यामुळे स्पोकच्या चाकांवर मागच्या मडगार्डला आतून घासू शकतो. आम्हाला हे जालना रोडवरच्या एका स्पीडब्रेकरने शिकवलं. आणि ट्यूब हवीच, नाहीतर हवा स्पोकच्या भोकांतून निघून जाते.

नक्षी शाबूत दिसते म्हणून जुना माल उचलू नका. टायरच्या कडेवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: १८२४ म्हणजे २०२४ चा अठरावा आठवडा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली रबर न पळताही तडकतं. स्टेपनीही तपासा, ती बऱ्याचदा गाडीच्याच वयाची निघते!