पोलीस तक्रार घेत नाहीत आणि वकील करायची ऐपत नाही. काय करावं?

ऐपत नाही म्हणून गप्प बसू नका. आमच्या घरी अशाच बोलण्यापायी तीन आठवडे फुकट गेले.

२०१९ची गोष्ट. शेजाऱ्यानं माझ्या आत्याच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मुलीच्या लग्नात घालायला म्हणून नेल्या आणि पतपेढीत गहाण टाकल्या. ठाणे अंमलदार म्हणाला, "तुम्हीच हातानं दिल्यात ना मावशी? मग चोरी कशी? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." साफ चूक. विश्वासानं दिलेली वस्तू लाटणं हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकतात असा, आणि अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय.

थोरले काका म्हणाले, "साहेब ओळखीचे आहेत, फोन टाकतो." टाकत राहिले. मी तालुका विधी सेवा समितीचं, म्हणजे मोफत वकील मिळवून देणाऱ्या सरकारी समितीचं, नाव काढलं तर म्हणे, फुकटचा वकील काय कामाचा! शेवटी आत्याला घेऊन मीच गेलो. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

मिळालेल्या वकीलबाईंनी आत्याचा अर्ज वाचला. दोन पानं, त्यात नवऱ्याचे कष्ट आणि 'देव बघून घेईल'. बाईंनी तिला पाणी दिलं आणि एकेक विचारत गेल्या. कोणत्या तारखेला नेल्या? समोर कोण होतं? सराफाची पावती आहे? परत मागितल्यावर काय म्हणाला? पाऊण पानाचा अर्ज झाला. तो स्टेशनात देऊन आमच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला, एक प्रत एसपी साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, रजिस्टर एडीनं धाडली. नवव्या दिवशी आत्याला फिर्याद द्यायला बोलावणं आलं. पुढे पाटल्या कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची लेखी हमी देऊन, हातात पडल्या. काकांनी आजवर त्या वकीलबाईंचं नाव घेतलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून एफआयआर नोंदवण्याचं आणि एसपींकडे जाण्याचं हे सगळं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. एसपींनीही दाद दिली नाही तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. आधी ठाण्यात आणि एसपींकडे गेला होतात, हे तिथे दाखवावं लागतं. आवकचा शिक्का आणि पोस्टाची पावती तेव्हा कामाला येते. ओळखीच्या फोनाची पोच कोण देणार?

हो, एक राहिलं. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीनं पोलीस १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढे दिवस धीर धरा. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार यांनाही मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून विचारा. तुमची तक्रार कशाची ते तुम्ही लिहिलेलं नाही. नुसती शिवीगाळ असेल तर एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होईल आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येणार नाही.