ग्रामोफोनची पिन झिजलीय हे भिंगातून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा चावीचा ग्रामोफोन परत सुरू झालाय, सोबत पिनांची अर्धी डबी सापडलीय, एकच पिन आठ-दहा गाण्यांना वापरून झालीय आणि आता भिंगाखाली तिची झीज कशी दिसते ते हवंय. आधी एक विनंती, ती पिन आत्ताच काढून टाका आणि मग पुढचं वाचा.

स्टीलची पिन तबकडीच्या एका बाजूपुरतीच असते. जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत लाख असते, पण ती नुसती सगळं बांधून ठेवायला, बाकी बराचसा भाग दगडाची बारीक पूड असते, आणि ती मुद्दाम घातलेली असते, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचं टोक घासून तबकडीवरच्या, ती जिच्यातून फिरते त्या खाचेच्या मापाचं होतं. आता हिशोब बघा, १० इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं वाजते, म्हणजे दोनशे तीसेक फेरे, त्यात पिन शंभर मीटरच्या वर फरफटत जाते, आणि तेही साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन जिच्यात बसते त्या आवाज काढणाऱ्या गोल डबीचं, शंभरेक ग्रॅम वजन त्या एवढ्याशा टोकावर घेऊन. टोक झिजणारच की. आणि एकदा ते प्रमाणाबाहेर झिजलं की मग खाच झिजायला लागते.

आता बघायचं कसं. घड्याळजी डोळ्याला लावतात ते १० एक्सचं भिंग सुरुवातीला पुरतं, यूएसबी मायक्रोस्कोप असेल तर ४०-५० एक्सवर फारच छान दिसतं. टोकाला काळी पूड चिकटलेली असते ती कापसाने पुसून घ्या, कापसाला थोडं स्पिरिट लावलं तरी चालेल पण ते फक्त पिनेला हं, तबकडीला चुकूनही स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. मग कणकेच्या गोळ्यात पिन आडवी खोचा, मागे काळा कागद, टॉर्च एका बाजूने तिरका धरा, आणि पिन हळूहळू स्वतःभोवती फिरवा. शेजारी एक कोरी पिन ठेवाच, तिच्याशिवाय काही कळत नाही.

कोऱ्या पिनेचं टोक गोलसर असतं, फिरवताना त्यावरची चमक एका बारीक रेघेसारखी सलग सरकत राहते. वापरलेल्या पिनेत ती चमक एका जागी अचानक आरशासारखी भपकन उजळते आणि विझते, थोडं पुढे फिरवलं की समोरच्या अंगाला परत उजळते. ते दोन सपाट पैलू म्हणजे खाचेच्या दोन भिंतींनी घासलेल्या जागा. शाळेत पेन्सिल एकाच बाजूने घासून घासून टोक चपटं व्हायचं ना, अगदी तसंच. मी एकदा आधीच पांढुरकी पडलेली, ऐकण्यासारखं काही न उरलेली तबकडी घेऊन हे मुद्दाम करून बघितलं, एका बाजूनंतर पैलू दिसले पण छोटे, तिसऱ्यांदा वाजवल्यावर पैलूंच्या कडा धारदार झाल्या होत्या आणि टोक सरळ छिन्नीसारखं.

आणि इथेच खरा घोळ होतो. तुम्ही ती पिन बघायला काढली आणि परत स्क्रूत बसवली तर ती आधीच्याच कोनात बसणं जवळजवळ अशक्य, मग ती धार भिंतीवर आडवी येते आणि खाच तासत जाते. म्हणून भिंगाखाली बघितलेली पिन परत लावायचीच नाही, कितीही चांगली दिसली तरी.

डबीतल्या न वापरलेल्या पिनाही बघून घ्या. गंजाचे खड्डे किंवा तपकिरी ठिपके दिसले तर ती पिन बाजूला काढा. टंगस्टनच्या पिनांचं गणित वेगळं आहे, त्यांना पुढे एकसारख्या जाडीची बारीक तार असते, ती झिजली तरी जाड होत नाही म्हणून त्या जास्त बाजू चालतात, पण तार संपत आली की थांबायचं.

आमच्याकडे काकांची एक बालगंधर्वांची तबकडी होती, लहानपणी आम्ही पोरांनी एकाच पिनेवर महिनाभर वाजवली. उजेडात तिरकी धरली की त्यात राखाडी पट्टा दिसतो आणि नेमका तिथेच तानेवर आवाज खरखरतो. ते परत येत नाही, आजही वाईट वाटतं. तुमच्याही तबकड्या तशा तिरक्या धरून बघा, काळ्या चकचकीत असतील तर थोडक्यात वाचलात. आणि घरात ज्या एकुलत्या एक असतील त्या चावीच्या मशीनवर वाजवूच नका, ७८ ची सुई असलेल्या हलक्या आर्मच्या टर्नटेबलवर एकदा रेकॉर्ड करून घ्या.