रिपोर्ट आता आपोआप जातात, मग मुलीने काय करायचं?

प्रश्न: मी पाचोरा तालुक्यातला कापूस उत्पादक शेतकरी. मुलगी बी.कॉम. होऊन जळगावजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग उद्योगात एमआयएसचं काम करते. मालकाच्या चार जिनिंग आहेत. रोज सकाळी चारही ठिकाणच्या मुनिमांना फोन करून आवक, रुई, सरकी, गाठी असे आकडे घ्यायचे, एक्सेलमध्ये भरायचे आणि दहाच्या आत मालक, बँक, दलाल यांना ज्याचे त्याचे रिपोर्ट पाठवायचे, हे तिचं काम. दिवाळीनंतर मालकाने नाशिकहून माणूस आणून नवी यंत्रणा बसवली. आता साडेसातलाच रिपोर्ट आपोआप जातात. "तुझं काम हलकं झालं," असं मालक म्हणाले, तेव्हापासून मुलगी धास्तावली आहे. कोणी म्हणतं एमपीएससी कर. एक क्लास डेटा सायन्ससाठी लाखभर फी सांगतो. काय करावं?

उत्तर: भाऊ, नमस्कार.

मुलीची धास्ती खरी आहे. तिला 'काही होत नाही गं' असं म्हणून गप्प बसवू नका. आकडे गोळा करायचे, एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये चिकटवायचे आणि पाठवायचे, एवढंच ज्या नोकरीत आहे ती नोकरी टिकणार नाही. जीएसटीत हे आपण पाहिलंच आहे. पूर्वी खरेदीचा ताळा घ्यायला अकाउंटंट बिलांची फाइल घेऊन बसायचा. आता विकणाऱ्याने भरलेल्या विवरणांवरून पोर्टल दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे खरेदीच्या बिलांची यादी, तयार करून देतं. पण त्या 2बीमध्ये तुमच्यासारख्या शेतकऱ्याकडून घेतलेला कापूस दिसत नाही, कारण शेतकरी विवरण भरत नाही. त्यावरचा कर जिनिंगवाल्याला स्वतः भरावा लागतो. हे ज्याला माहीत नाही, तो 2बीच्या आकड्यालाच पूर्ण खरेदी समजून बसेल. तुमच्या मुलीला ते माहीत असणार, आणि मला तिच्याबद्दल भरवसा वाटतो तो इथेच.

आता तिच्याच कामातलं बघू. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी आणि थोडी घट. समजा, रात्रपाळीच्या गाठी रात्रीच नोंदवल्या गेल्या, पण जिनलेल्या कापसाची नोंद मुनिमाने सकाळी आठला केली. साडेसातच्या रिपोर्टमध्ये रुईचा उतारा 41 टक्के दिसणार. यंत्रणा भागाकार बरोबर करते आणि तो आकडा छान रंगीत आलेखासह मालकाच्या मोबाइलवर पोचवते. कापसाच्या घरात वाढलेल्या मुलीला 41 पाहिल्यावर तो खटकतो. ती मुनिमाला फोन लावते. पूर्वी हे फोन करता करता आपसूक व्हायचं, कारण प्रत्येक आकडा तिच्या हाताखालून जायचा. आता कोणाच्याच हाताखालून जात नाही, म्हणून ही तपासणी मुद्दाम बसवावी लागते: उतारा 32 च्या खाली किंवा 37 च्या वर गेला तर रिपोर्ट थांबव आणि आधी मला कळव. हा नियम नाशिकच्या माणसाला सुचणार नाही. तिला सुचेल.

पाठवण्याचंही तसंच आहे. कोणाला काय दिसावं हे एकदा यंत्रणेत बसवलं की रोज तसंच जात राहतं, बरोबर असो की चूक. खरेदीचा भाव आणि शिल्लक गाठी दलालांच्या यादीत एकदा चुकून जोडल्या गेल्या, तर समोरच्याला मालकाची गरज आधीच कळते आणि सौदा तिथेच पडतो. एखादा माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याच्या मेलवर महिनोन् महिने रिपोर्ट जात राहतात, असंही अनेक ठिकाणी होतं. ही यादी कोण सांभाळणार, हे तुमच्या मुलीने मालकांना विचारावं. बहुतेक वेळा उत्तर 'कोणीच नाही' असं असतं.

शिकण्याबद्दल. लाखभर रुपये देऊ नका. डेटा सायन्सचा तो अभ्यासक्रम तिच्या आजच्या कामापासून फार लांब आहे. आधी तिच्याच एक्सेलमधलं पॉवर क्वेरी शिकावं. 2016 च्या आवृत्तीपासून ते 'डेटा' टॅबमध्येच असतं, बहुतेक जण ते उघडूनही पाहत नाहीत. चार मुनिमांच्या चार तऱ्हेच्या फाइली एकत्र करून स्वच्छ करणं त्यात एकदा बसवलं की पुढे एका क्लिकचं काम. मग एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा, मग पॉवर बीआय, म्हणजे रिपोर्ट आणि आलेख बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट उतरवता येतं आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्याचे धडेही फुकट आहेत. धडे इंग्रजीत आहेत, सुरुवातीला जड जातील. शेजारी वही घेऊन बसावं. पैसे खर्च करायचेच असतील तर पुढे पीएल-300 या पॉवर बीआयच्या परीक्षेसाठी करावेत. पुण्या-नाशिकला अर्ज करताना ते प्रमाणपत्र उपयोगी पडतं. सरावासाठी कंपनीची खरी फाइल मात्र पेनड्राइव्हवर घरी आणू नये. आकडे बदलून स्वतःची फाइल तयार करावी.

एमपीएससीचं म्हणाल, तर तिला प्रशासनात जायची मनापासून ओढ असेल तर जरूर करू द्या. नोकरी जाईल या भीतीपोटी नको. त्या परीक्षेत वर्षं जातात.

तुम्ही पत्रात विचारलं नाही, पण मला लिहावंसं वाटतं. तिला जळगाव सोडावंच लागेल असं नाही. डाळमिल, चटईचे कारखाने, ठिबकचे पाइप, रावेर-यावलचा केळीचा व्यापार, सगळीकडे टॅली आहे, एक्सेल आहे, आणि रिपोर्ट बसवून तो सांभाळणारं माणूस शोधावं लागतं. डाळमिलमध्ये शंभर किलो तुरीची डाळ किती पडते, हे विचारायची सवय तिला कापसाने लावलीच आहे.

सध्या तिने एवढंच करावं. गेल्या महिन्याचे आपोआप गेलेले रिपोर्ट काढून मुनिमांच्या वह्यांशी ताडून बघावेत. जिथे फरक सापडेल ते एका कागदावर लिहावं आणि मालकांना भेटून ही तपासणी आणि रिपोर्टची यादी अधिकृतपणे स्वतःकडे मागावी. नाशिकचा माणूस पुढच्या वेळी येईल तेव्हा शेजारी बसून त्याने कुठे काय जोडलंय ते उतरवून घ्यावं. मालक तयार झाले तर हंगाम संपेपर्यंत तिच्या हातात दाखवण्यासारखं काम असेल. नाहीच म्हणाले, तर उन्हाळ्यात शिकून घ्यावं आणि दसऱ्याला जिनिंग पुन्हा सुरू होण्याआधी दुसरीकडे अर्ज टाकावेत. तेव्हा मला कळवा, अर्ज मी बघून देईन.