कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात देशी भाताचं बियाणं तयार करायला सरकारी अनुदान मिळतं का?

अनुदान मिळतं, पण तुम्ही म्हणताय त्या बियाण्याला नाही. तुम्ही बेळगाव बासमतीचं, म्हणजे आपल्याकडच्या वासाच्या देशी भाताचं, नाव घेतलंय, घरच्या लाल भाताचं घेतलंय आणि शेवटी जंगली झाडांच्या रोपवाटिकेचंही विचारलंय. पहिल्या नावावर हात थांबला, म्हणून लिहायला बसलो.

बीजग्राम योजना तुम्हाला माहीत असणारच. धान्याचं पायाभूत किंवा प्रमाणित बी निम्म्या किमतीत, शेतकऱ्यामागे एकरभराला पुरेल एवढं. मेख अशी की १९६६ च्या बियाणे कायद्याखाली जो वाण अधिसूचित झालाय त्यालाच प्रमाणपत्र मिळतं. आज्जीच्या कणगीतलं भात कुठल्या राजपत्रात सापडणार?

आमच्या गावच्या काही जणांनी एका वर्षी बासमतीसाठी अर्ज करायचं ठरवलं. उतारे, एफआयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक), पासबुकाची झेरॉक्स सगळं जोडलं, कानडी अर्ज शाळेच्या मास्तरांकडून भरून घेतला. कचेरीतल्या साहेबांनी कागद चाळले, काचेखालच्या यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे यात नाही. यादीतला अभिलाष वाण घ्या, आज पैसे भरा, आज पोतं न्या." माणूस वाईट नव्हता, चहासुद्धा पाजला. पण बी आमच्याजवळ होतं म्हणून आम्ही गेलो होतो, आणि परतताना टेम्पोत विकतच्या बियाण्याची पोती! माझं नव्हतं त्यात. चुलतभावाचं होतं.

तेव्हापासून चवथीला सगळे घरी जमले की हा वाद ठरलेला. त्याचं म्हणणं, बी दुकानात मिळतंय तर कणगीत उंदीर कशाला पाळायचे? बासमती उंच होतं, परतीच्या पावसात लोळतं, उतारा कमी. हे सगळं खरं आहे, मी कधी नाकारलेलं नाही. पण पुण्या-मुंबईचे पाहुणे निघताना कुठला तांदूळ बांधून मागतात, हे त्यानं एकदा वहिनीला विचारावं.

आणि बी राखणं म्हणजे पोतं बाजूला ठेवणं नव्हे. भात निसवलं की सकाळीच शेतात शिरायचं. बाकीच्यांच्या वर डोकं काढलेलं, बुडख्याशी जांभळट, किंवा कुसळ असलेलं रोप दिसलं की नुसती लोंबी खुडून भागत नाही, मुळासकट उपटायचं, नाहीतर खालचा फुटवा मागाहून पिकतो आणि बियाण्यात येतो. भातात परागीकरण ज्याचं त्यातच होतं, त्यामुळे शेजारच्या वाणापासून ३ मीटर अंतर प्रमाणीकरणाच्या नियमांनाही चालतं. खरी भेसळ होते ती मळणी यंत्रात. आधीच्या माणसाचं भात जाळीत अडकलेलं असतं आणि तुमच्या पहिल्या दोन पोत्यांत ते उतरतं. म्हणून बियाण्यापुरत्या पेंढ्या आम्ही अजून फळीवर झोडतो. चुलतभाऊ बांधावर उभा राहून हसतो. हसू दे. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून पोचट वर काढायचं, आणि त्याच्याही आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघायचे. ८० च्या खाली उगवले तर ते भात गिरणीला घाला.

हेच काम यादीतल्या वाणासाठी केलं की त्याला बीजोत्पादन कार्यक्रम म्हणतात आणि बियाण्याचा दर मिळतो. घरच्या बायका जन्मभर करत आल्या, त्याला शून्य. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी चुलतभावाला मुद्दाम फोन केला होता. तो म्हणाला, "पद्मश्रीनं सोसायटीचा हप्ता फिटतो का?"

माझं स्पष्ट मत, पोत्यावरची सूट बंद केली तरी चालेल. तो पैसा गावात सिमेंटचं खळं, चाळण आणि उंदीर न शिरणारी खोली बांधायला द्या.

तुमच्यासाठी वाट आहे ती २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याची. त्यात 'शेतकरी वाण' म्हणून नोंदणी होते आणि शेतकऱ्याला नोंदणी शुल्क नाही. या कायद्याखालच्या प्राधिकरणाची एक शाखा पुण्यात, एक शिवमोग्ग्यात. आपण कर्नाटकात, तेव्हा आपल्या वाट्याला कुठली, हे सांगायला नको. जुने वाण जपणाऱ्या गावगटाला १० लाखांचा आणि एकट्या शेतकऱ्याला दीड लाखाचा पुरस्कारही तिथूनच मिळतो. मात्र बासमती एकट्याच्या नावावर करायला जाऊ नका, ते अर्ध्या तालुक्याचं आहे. लाल भात खरोखर तुमच्याच घरी असेल तर त्याचा अर्ज करा.

रोपवाटिकेचं थोडक्यात. भरपाई वनीकरणाचा, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायचा, पैसा २०१६ च्या कायद्यानं येतो, ९० टक्के राज्याकडे, आणि खर्च वन खातं करतं. तुमच्या हातात थेट पडेल अशी आशा धरू नका. किंदळ, जांभूळ, हिरडा लावा जरूर, पण जांभळाचं बी ताजंच लावावं लागतं, सुकवून ठेवलं की गेलं.

हे सगळं कर्नाटकातल्या जमिनीचं. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडात शेत असेल तर तिकडच्या सरकारचं महाडीबीटी संकेतस्थळ बघा, तिकडचे नियम वेगळे. याद्याही बदलतात, तेव्हा धूळवाफ पेरणीच्या आधी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात एकदा डोकावून या. माझ्यावर विसंबून घरी बसू नका.

विक्रीचं म्हणाल तर दुकान टाकायला परवाना लागतो. स्वतःच्या दारात, पेरणाऱ्यालाच, बिनछापाच्या पोत्यातून विकायला कायद्याची आडकाठी नाही. बासमतीचं बी हवं असेल तर होळीच्या आत कळवा, नंतर उरत नाही. पैसे नकोत, सुगीला सव्वापट भात परत आणून द्यायचं. चुलतभावानंही गेल्या वर्षी असंच नेलंय, घरच्या खाण्यापुरतं.